वाटी, बेडकुळी आणि सातारेन्सिस

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून डॉक्टर म्हणाले, "पटेला चांगली आहे. झीज आतल्या बाजूला आहे."

आई चौऱ्याऐंशी वर्षांची, पण कान अजून तिखट. "कोण पटेल?" तिनं मला विचारलं.

"वाटी गं. गुडघ्याची वाटी."

"मग वाटी म्हणायला काय होतं यांना?"

डॉक्टर सज्जन, नुसते हसले. मी मात्र रिक्षात बसल्यापासून घर येईपर्यंत त्या एका शब्दातच होते, कारण डॉक्टर खरं तर वाटीच म्हणाले होते. लॅटिनमध्ये 'पातिना' म्हणजे पसरट भांडं. त्याला '-एल्ला' हे शेपूट लागलं की 'पातेल्ला', लहानसं भांडं. कुणा रोमन माणसानं गुडघा चाचपला आणि त्याच्या हाताला वाटी लागली. आमच्या कुठल्याशा खापरपणजीनं चाचपला, तिलाही वाटीच लागली. (पातेल्ला आणि आपली पातेली यांची सोयरीक जुळवायचा मोह मला दोन दिवस छळत होता. जुळवली नाही. आवाज सारखा आला की नातं काढायचं, ही आपली जुनी खोड आहे.)

लॅटिनला वस्तू लहान करून लाडानं बघायचा भारी सोस. त्यासाठी -उलुस, -कुलुस, -एल्लुस अशी शेपटांची चळतच आहे. 'काल्क्स' म्हणजे चुनखडीचा दगड, 'काल्कुलुस' म्हणजे खडा. रोमन लोक खडे मांडून हिशेब करत, म्हणून कॅल्क्युलेटर. आणि मूत्रपिंडात सापडतो तोही काल्कुलुसच. तिथे आपण 'मुतखडा' म्हणून अगदी शब्दाला शब्द जोडून मोकळे होतो. 'मुस' म्हणजे उंदीर, संस्कृतातल्या मूषाचा सख्खा भाऊ. 'मुस्कुलुस' म्हणजे उंदराचं पिल्लू. दंड आवळला की कातडीखाली काहीतरी टुणकन वर येतं आणि पळतं, त्याला रोमनांनी हे नाव दिलं. त्यावरून मसल.

आता आपल्याकडे दंड आवळल्यावर काय निघतं ते आठवा. बेडकुळी! माझा दादा सहावी-सातवीत असताना सगळ्या गल्लीला बेडकुळी काढून दाखवायचा, आणि आम्ही पोरी ती दाबून बघायचो. बेडूक, त्याला '-उळी' लावली, झाली दंडातली छोटी बेडकी. टायबर काठच्या लोकांना तिथे उंदीर दिसला, कृष्णाकाठच्या लोकांना बेडूक. प्राणी वेगळा, पण शेपूट लावायची बुद्धी तीच. मला विचाराल तर बेडूक जास्त बरोबर आहे. स्नायू उडी मारतो, पळत नाही.

एक फरक मात्र आहे. लॅटिन शब्द लहान झाला तरी त्याचं लिंग सहसा बदलत नाही. उंदीर पुल्लिंगी, तर पिल्लूही पुल्लिंगी. 'क्लाविस' म्हणजे किल्ली, स्त्रीलिंगी. म्हणून 'क्लाविकुला', छोटी किल्ली, तीही स्त्रीलिंगीच. गळ्याखालच्या आडव्या हाडाला डॉक्टर क्लॅव्हिकल म्हणतात ते हेच. (त्या क्लाविसचं पोर्तुगीजमध्ये 'शाव्ह' झालं आणि आपल्याकडे 'चावी'.) मराठीत वस्तू लहान करायची तर तिला सरळ स्त्री करून टाकतात. डबा मोठा, डबी लहान. गाडा-गाडी, सुरा-सुरी, दोर-दोरी. व्याकरणातसुद्धा बाईनं लहानच व्हायचं, हे लक्षात आल्यावर एक दिवस मी चिडले होते. मग पळी आणि पळ्याकडे बघितलं. स्वयंपाक पळीनंच होतो. जाऊ दे म्हटलं.

लॅटिनच्या नादाला मी लागले ते एका अर्ध्या गुणामुळे.

ऐंशीच्या दशकात मी वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. करत होते. शास्त्रीय नावं आम्ही रामरक्षेसारखी म्हणायचो, अर्थ न कळता, पण न चुकता. एका चाचणीत पिंपळाचं नाव लिहायचं होतं. 'फायकस रिलिजिओसा'. मी विचार केला: फायकसच्या शेवटी -उस आहे, तर विशेषणही -उसच हवं. लिहिलं 'रिलिजिओसस'. अर्धा गुण गेला. विचारायला गेले तर सर म्हणाले, "हे पाठ करायचं असतं, त्यात डोकं चालवायचं नसतं." मी डोकं चालवलं होतं, आणि नियमानं चालवलं होतं, ही सल पुढे बँकेत आकडे मांडताना तीस वर्षं राहिली. निवृत्तीनंतर जुन्या पुस्तकांच्या ढिगात लॅटिन व्याकरणाचं एक फाटकं पुस्तक मिळालं, तेव्हा पहिलं पान उघडलं ते पिंपळासाठी.

उत्तर असं निघालं की लॅटिनमध्ये झाडं बायका असतात. शब्दाचा शेवट पुरुषी दिसला तरी झाडाचं नाव स्त्रीलिंगी धरतात, आणि विशेषण शेवट बघून लागत नाही, लिंग बघून लागतं. म्हणून तो पिंपळ 'रिलिजिओसा'. चिंचेचंही तसंच, 'टॅमरिंडस इंडिका'. त्या नावात आणखी एक गंमत आहे: टॅमरिंडस हा अरबी 'तमर हिंदी'चा अवतार, म्हणजे हिंदचा खजूर. त्याला पुन्हा 'इंडिका' लावलं. हिंदचा खजूर, हिंदची! लिनियसनं १७५३ मध्ये झाडांना दोन-दोन शब्दांची नावं देण्याची शिस्त घातली, त्या शिस्तीत चिंचेच्या वाट्याला भारत दोनदा आला.

खरं म्हणजे मराठी मुलांना ही लिंगाची भानगड सर्वांत सोपी जायला हवी होती. तीन लिंगं आपल्याकडे जिवंत आहेत. हिंदीवाल्यांना दोनच माहीत. चांगला, चांगली, चांगलं. लॅटिनचं -उस, -आ, -उम अगदी तेच. आणि त्याचा धडा आमच्या स्वयंपाकघरात मांडलेला होता, फक्त कुणी दाखवला नाही. लॅटिनमध्ये पेरलेल्या गोष्टीला 'सातुम' म्हणतात. त्याला -इवुस लावून 'सातिवुस' हे विशेषण झालं, म्हणजे पेरून घेतात तो, रानातला नव्हे. काकडी 'कुकुमिस सटायव्हस', तो काकडा. भात 'ओरायझा सटायव्हा', ती. लसूण 'एलियम सटायव्हम' आणि कोथिंबीर 'कोरिअँड्रम सटायव्हम', ती दोन्ही नपुंसक. एका फोडणीत तिन्ही लिंगं. आलं तर आपल्याकडेही नपुंसक आणि तिकडेही: 'झिंजिबर ऑफिसिनाले'. ऑफिसिना म्हणजे काम करायची खोली, पुढे मठातलं औषधांचं कोठार. त्याला -आलिस, नपुंसकात -आले. कोठारातलं ते. हा शब्द पुढे ऑफिसच्या फार जवळचा निघतो, पण ऑफिसातली तीस वर्षं मी आधीच सांगून टाकली आहेत.

रिलिजिओसातलं '-ओसुस' हे शेपूट मला विशेष आवडतं. भरलेलं, गच्च, असा त्याचा भाव. रिलिजिओसुस, धर्मभावानं भरलेला. 'स्पिनोसुस', काट्यांनी भरलेला. आपल्या गेळाच्या झाडाच्या नावात तेच 'स्पायनोसा' आहे. आपलं राज्यफूल ताम्हण हे 'लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओसा', रूपानं भरलेली. आणि सात-आठ वर्षांनी एकदाच फुलून डोंगर जांभळे करणारी कारवी, तिचं जातीचं नाव 'कॅलोसा': घट्टे पडलेली. फुलाकडे न बघता कुणीतरी तिच्या राठपणाकडे बघून नाव दिलं, याचं मला वाईट वाटतं.

या -ओसुसला मराठीत काय म्हणावं यावर मी बरेच दिवस घालवले. '-आळ' जवळ येतं: केसाळ, रसाळ, दुधाळ. पण मराठीत भरलेपणाच्या छटा फार. पाण्यानं भरलं तर पाणीदार होतं, नाहीतर पाणचट होतं, आणि यातला फरक सुनेच्या आमटीबद्दल बोलताना कळतो. तेलकट, मळकट यातला '-कट' नाक मुरडूनच येतो. लॅटिनकडेही असं एक नाक मुरडणारं शेपूट आहे, '-आक्स'. 'लोक्वाक्स' म्हणजे वाचाळ. 'वोराक्स' म्हणजे खादाड. 'मेंदाक्स' म्हणजे खोटारडा. 'पुग्नाक्स' म्हणजे भांडखोर. बघा, एका शेपटाला मराठीत चार वेगवेगळी शेपटं लागली: -आळ, -आड, -रडा, आणि फारसीतून उसना आणलेला -खोर. दोष दाखवायच्या बाबतीत आपण रोमनांपेक्षा श्रीमंत आहोत. हिवाळ्यात आपल्या तळ्यांवर रफ नावाचा पक्षी येतो, त्याचं शास्त्रीय नाव 'पुग्नॅक्स'. विणीच्या काळात तिकडे उत्तरेला त्यांचे नर माद्यांसाठी भांडतात. इथे येतो तेव्हा मुकाट चिखल चिवडत असतो, पण भांडखोर हे नाव काही सुटत नाही.

विशेषणापासून नाम करायचं तर लॅटिनचं हुकमी शेपूट '-तास'. मुळात ते '-तात', आणि वेदात 'सर्वताति', 'देवताति' असे शब्द आहेत त्यातल्या '-ताति'चं हे सख्खं भावंड. आपल्या 'समता', 'मानवता'मधलं -ता याच घरातलं. इंग्रजीत त्या -तासचं -टी झालं. 'सोकिउस' म्हणजे सोबती, 'सोकिएतास' म्हणजे सोबतीपणा; त्याची सोसायटी झाली. आमच्या सोसायटीच्या मागच्या सभेत पार्किंगवरून जे काही झालं, ते बघता हा शब्द बदलून घ्यायला हवा. पुग्नाक्सचं काहीतरी करता येईल.

पण ज्या शेपटासाठी मी एवढा सगळा पसारा मांडलाय, ते '-आलिस'. नावापासून विशेषण करणारं, सगळ्यांत कामसू. 'नाविस' म्हणजे जहाज (आपली नाव), 'नावालिस' म्हणजे जहाजाचं. 'मोर्स' म्हणजे मृत्यू, 'मोर्तालिस' मर्त्य. आता 'लुना' म्हणजे चंद्र. चंद्राचं ते काय? 'लुनालिस' व्हायला हवं. होत नाही, 'लुनारिस' होतं. सूर्याचं 'सोलारिस'. सैनिकाचं 'मिलितारिस'. लोकांचं 'पोपुलारिस'. ज्या शब्दात आधीच ल आहे, त्याला -आलिस लागताना शेपटातला ल सहसा गुपचूप र होतो. दोन ल जवळजवळ आले की रोमन जिभेला खटकायचं. आणि मध्ये एखादा र येऊन बसला, तर खटकणं थांबतं, मग ल परत येतो: 'प्लुरालिस', 'फ्लोरालिस'. शाळेत आपण सिंग्युलर आणि प्लुरल ही जोडी घोकली. एकाच्या शेवटी र, दुसऱ्याच्या ल. का, हे कधी विचारलं? मी तरी नाही. शेपूट एकच आहे. 'सिंगुलुस'मध्ये ल होता म्हणून तिथे तो र झाला, आणि 'प्लुरालिस'मध्ये मध्येच र आडवा आला म्हणून वाचला. सोलर-पॉप्युलर-रेग्युलर एका रांगेत, नॅशनल-टोटल-जनरल दुसऱ्या रांगेत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या जिभांचा कंटाळा अजून आपल्या तोंडात आहे.

ज्या रात्री हे समजलं, त्या रात्री मी उठून आईला उठवलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "नांगराचंही तसंच ना?" मी बघतच राहिले. आई जुनी सातवी, पण तिचे वडील पुराणिक. संस्कृतात नांगराला 'लाङ्गल' म्हणतात. दोन ल. मराठीत येताना पहिल्याचा न झाला, दुसऱ्याचा र. कुणी ठरवलं नाही, औतामागे चालणाऱ्यांच्या जिभेनं ते परस्पर करून टाकलं.

विदर्भात आमच्या मावशीकडे कपाटाला 'अलमारी' म्हणतात. तिचा प्रवास असा: 'आर्मा' म्हणजे शस्त्रं, त्याला जागा दाखवणारं '-आरिउम' (अ‍ॅक्वेरियममधलं), आणि 'आर्मारिउम' म्हणजे शस्त्रं ठेवायची जागा, मग साधं कपाट. पोर्तुगीजमध्ये 'आर्मारिउ'. दोन र. जिभेला पुन्हा तोच कंटाळा, पहिल्या र चा ल झाला, 'आल्मारिउ'. मावशी त्यात शालू आणि डांबराच्या गोळ्या ठेवते. आणि -आलिस? तेही पोर्तुगीज जहाजातून आलं. 'होस्पेस' म्हणजे पाहुणा, 'होस्पितालिस' म्हणजे पाहुण्याचं. त्याचं आपल्याकडे 'इस्पितळ' झालं. त्या शेवटच्या ळ कडे नीट बघा. रोमनांचं -आलिस मराठीत ळ नेसून बसलंय आणि ओळखूसुद्धा येत नाही.

गोव्यात सकाळी सायकलचा भोंगा वाजवत पाव विकायला येतो तो 'पोदेर', पोर्तुगीज 'पादेइरु'. माडावर चढून सूर (ताडी) काढतो तो 'रेंदेर', पोर्तुगीज 'रेंदेइरु'. त्यातलं -एर हे लॅटिनचं '-आरिउस', धंदा सांगणारं शेपूट. आपल्या सोनार, कुंभार, लोहारातलं -आर अगदी तसंच ऐकू येतं आणि काम तेच करतं. पण इथेही मी सोयरीक नाकारली: सोनारातलं -आर म्हणजे सुवर्णकारातला झिजलेला 'कार'. दोन वेगळ्या ठिकाणी उगम पावलेल्या नद्या, योगायोगानं सारख्या वळणाच्या.

आता साताऱ्याचं. माणसाला गावावरून ओळखायची आपल्याला हौस, म्हणून -कर. रोमनांकडे त्यासाठी '-एन्सिस' होतं. गावच्या नावाला लावा की त्या गावचा: 'कार्थागिनिएन्सिस' म्हणजे कार्थेजकर. शास्त्रज्ञांनी ते उचललं आणि जगभरच्या गावांना लावत सुटले. कासच्या पठारावर पावसाळ्यात पाण्याच्या डबक्यांत एक वनस्पती फुलते, तुरा इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभंगलेला, म्हणून आपण तिला वायतुरा म्हणतो. ती जगात फक्त या भागातच होते. १९८२ मध्ये तिला नाव मिळालं: 'अ‍ॅपोनोजेटॉन सातारेन्सिस'. सातारकर! कासला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, त्याच्या तीस वर्षं आधी वायतुऱ्यानं साताऱ्याचं नाव लॅटिनमध्ये नेलं होतं. कोकणच्या सड्यांवर पांढरी दीपकाडी फुलते, ती 'डिपकॅडी कोंकानेन्से'. इथे शेवट -एन्से, कारण तिची प्रजाती, म्हणजे नावातला पहिला शब्द, नपुंसक धरतात. मराठी नाव इतकं चपखल बसतं की वाटावं त्यांनी आपल्याकडून घेतलं. पण त्या प्रजातीचं नाव युरोपात फार आधी ठरलेलं होतं.

गंमत म्हणजे २००८ मध्ये साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून एका पालीला नाव मिळालं, तेव्हा ते 'साताराएन्सिस' झालं. झाड सातारेन्सिस, पाल साताराएन्सिस. एकाच गावचे दोघे, एक सातारकर, दुसरा साताराकर. जुन्या रोमन कानाला पहिलंच रुचलं असतं, शेपटाच्या आधीचा स्वर गिळणारं. पण पालीचं नाव ऐकताना गाव स्पष्ट ऐकू येतं, हेही खरं. २०१२ पासून नव्या वनस्पतीचं वर्णन लॅटिनमध्ये लिहिण्याची सक्ती उठली, इंग्रजीत लिहिलेलं चालतं. नावाचं शेपूट मात्र अजून लॅटिनच लागतं.

त्याच चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांच्या खाली, उन्हाळ्यात सरडे गळ्याचा पंखा फुलवतात: निळा, काळा, नारिंगी. दोन वर्षांपूर्वी भाच्यानं मला तिथे नेलं. आधी नुसते दगड दिसत होते. मग एका दगडावर काहीतरी ठिणगीसारखं उघडलं आणि मिटलं. २०१६ मध्ये या सरड्यांची वेगळी प्रजाती मांडली गेली, आणि तिला नाव दिलं 'सारडा'. मराठीतला सरडा, तोच. मराठी शब्द लॅटिनच्या घरात गेला आणि तिथल्यांनी त्याचा शेवट बघितला. शेवटी -आ. आपल्याकडे -आ म्हणजे बाप्या: घोडा, डबा, सरडा. लॅटिनमध्ये -आ म्हणजे बाई. त्यामुळे या जातीचं विशेषण लागलं ते स्त्रीचं: 'सारडा सुपर्बा'. सुपर्बुस म्हणजे गर्विष्ठ, तोऱ्यातला. रोमच्या शेवटच्या राजाला, तार्क्विनिउसला, हेच टोपणनाव होतं. म्हणजे नावाप्रमाणे ही तोरा मिरवणारी बाई, आणि तो पंखा असतो फक्त नराला.

घरी आल्यावर हे सगळं आईला सांगितलं. गुडघ्याला शेक घेत बसली होती. पिंपळ बाई हे तिनं मान्य केलं, मुंजाला कुठेतरी राहायला हवंच म्हणाली. सरडा बाई हे काही केल्या पटेना.

"बरं," ती शेवटी म्हणाली, "मग सरड्याच्या बायकोला काय म्हणायचं त्यांनी?"